खंडेनवमीची टेस्ट प्लेट

कोठावदे मॅडम साधी चिक्कीसुद्धा सरळ खात नसत. आधी ती टेबलाच्या कडेवर ठेवून खटकन मोडायच्या, तुटलेली बाजू खिडकीच्या उजेडाकडे धरायच्या, चष्मा कपाळावर सरकवून ती डोळ्यांजवळ नेऊन निरखायच्या आणि मगच तोंडात टाकायच्या. गूळ, खडीसाखर, पापड, डब्यातली शिळी भाकरी, सगळ्यांची हीच गत. कँटीनमध्ये शेजारी बसलेल्या नवख्या माणसाला वाटायचं, बाईंना खाण्यात काहीतरी सापडलं. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं आणि मी हातातली चिक्की गुपचूप कागदात गुंडाळून ठेवली.

"खा हो," त्या म्हणाल्या, "चिक्कीला काही झालेलं नाही. कशी तुटते ते बघत होते."

"कशी तुटते?"

"न सांगता तुटते. गूळ बघा, आधी जरा ओढ घेतो, मग सुटतो. चिक्की तसं काही करत नाही. खायला बरी आहे, पण तिच्यावर भरवसा ठेवू नये."

चिक्कीवर भरवसा ठेवण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता, त्यामुळे बाई जरा चक्रम आहेत एवढीच नोंद मी मनात केली आणि कामाला लागलो. ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. जाडजूड पोलादी टाक्या, मोठ्या दाबाची पात्रं आम्ही बनवायचो. मॅडम तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. मी नियोजन खात्यात, म्हणजे कुठलं काम कुठल्या तारखेला संपलं पाहिजे हे सगळ्यांना सांगत फिरणारा आणि त्यामुळे कुणालाच न आवडणारा. मॅडमनी मला नावानं कधी हाक मारली नाही. प्रयोगशाळेच्या दारात मी दिसलो की त्या म्हणायच्या, "या, तारीखवाले."

ठेंगणी मूर्ती, सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, त्यावर जागोजागी भोकं पडलेला खाकी कोट. पायात पुरुषी सेफ्टी बूट, कारण बायकांच्या मापाचे बूट कंपनीकडे नव्हतेच. त्यात दोन दोन मोजे घालून त्या ठाक ठाक चालायच्या आणि शॉपमधली माणसं त्या आवाजानंच सावध व्हायची. मूळच्या सटाण्याच्या. एरवी बोलणं पुण्याच्या बाईसारखं, पण फार आनंद झाला किंवा फार राग आला की अहिराणी बाहेर यायची. "दखू दे, दखू दे," म्हणत त्या पुढे सरसावल्या की समजावं, काहीतरी मनासारखं तुटलंय. इंजिनीअरिंगला तुमच्या वर्गात मुली किती होत्या असं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मीच."

लग्न केलं नव्हतं. त्याचं कारणही त्या स्वतःच हसत हसत सांगायच्या. बघायला आलेल्या मंडळींनी पोह्यांचं कौतुक केलं की या बसल्या जागेवरून सांगायच्या, "पोहे आईनं केलेत. मी करते ते चिकट होतात." आई डोळे वटारायची, पण मॅडमचं म्हणणं एकच, उद्या जे खायचंय तेच आज समोर ठेवा. हे त्यांचं आयुष्याविषयीचं मत होतं आणि पोलादाविषयीचंही.

त्या सुमारास आमच्याकडे अणुभट्टीचं काम आलं. भट्टीचा गाभा ज्याच्या पोटात बसतो ते पोलादी पात्र. शॉपमध्ये त्याला सगळे व्हेसलच म्हणत. वीतभर जाडीचं पोलाद वाकवून त्याचे भाग वेल्डिंगनं सांधायचे. असा एकेक जोड कित्येक दिवस चाले, पोलाद सतत गरम ठेवून थरावर थर चढवत. काम आलं आणि कारखान्याची मान ताठ झाली. सरव्यवस्थापकही नवे आले. हुशार, चटपटीत माणूस. आल्या आठवड्यातच ते मॅडमना म्हणाले, "जोडाचे एक्सरे काढलेत. कुठेही भेग नाही. मग नमुने तोडत बसायचा हा खेळ कशाला?"

"भेग दिसली नाही, एवढंच म्हणा साहेब," मॅडम म्हणाल्या आणि त्यांना लंबकाच्या यंत्रापाशी घेऊन गेल्या. मी आपला तारखेच्या कामासाठी तिथे होतोच.

हे यंत्र म्हणजे त्यांचं दैवत. वर एक जड हातोडा टांगलेला. खाली खाच पाडलेली बोटभर पोलादी कांडी ठेवायची आणि हातोडा सोडायचा. तो कांडी मोडून पलीकडे किती वर जातो, त्यावरून कांडीनं त्याला किती अडवलं ते कळतं. मॅडमनी एकाच प्लेटमधून कापलेल्या दोन कांड्या घेतल्या. एक टेबलावरची. दुसरी, थंड वाफा सोडणाऱ्या द्रवरूप नायट्रोजनच्या भांड्यात बुडवून ठेवलेली. पहिल्या कांडीवर हातोडा पडला तो धप्प आवाजानं. कांडी वाकली, फाटली, आणि हातोडा दमल्यासारखा पलीकडे थोडासाच गेला. दुसरी चिमट्यानं ठेवली. टिंग! हातोडा वाटेत काही नव्हतंच अशा थाटात थेट वर गेला.

मॅडमनी दोन्हींचे तुकडे साहेबांच्या तळहातावर ठेवले. "यातलं चांगलं कुठलं?"

एक तुकडा मळकट, राखाडी, कापड फाडल्यासारखा. दुसरा खडीसाखरेसारखा चमचम करणारा. साहेबांनी चमकणारा उचलला.

"सगळे तोच उचलतात," मॅडम म्हणाल्या. "तो वाईट. तो न सांगता गेला. हा मळकट आहे ना, यानं जाताना झुंज दिली. आता ऐका साहेब. भट्टीत वर्षानुवर्षं न्यूट्रॉनचा मारा बसतो आणि पोलाद म्हातारं होत जातं. आज जे इतक्या गारठ्यात चमकतं, ते पुढे कमी गारठ्यातही चमकायला लागतं. म्हणून सुरुवातीलाच गाठीशी भरपूर चिवटपणा लागतो. भेग नाही असं मी म्हणतच नाही. भेग आहे, एक्सरेला चुकवून बसलेली आहे, असं मी धरून चालते. ती असताना हा जोड टिकतो का, तेवढं मला दाखवायचंय."

साहेबांनी दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले. आम्ही सगळे दोष नाही हे सिद्ध करायला धडपडत होतो आणि ही बाई दोष आहे असं गृहीत धरून शांतपणे पुढचा हिशेब मांडत होती. त्या दिवसापासून चक्रम हा शब्द मी त्यांच्याबाबतीत मनातसुद्धा वापरला नाही.

दुसरं एक यंत्र भेगा वाढवण्याचं होतं. पोलादाच्या ठोकळ्याला खाच पाडायची आणि त्याला हलके हलके, न थांबता हिसके देत राहायचे. खाचेच्या टोकाशी केसासारखी भेग फुटते आणि कणाकणानं पुढे सरकते. हव्या त्या लांबीची झाली की मग तो ठोकळा ओढून तोडायचा. यंत्र दिवसभर घुमत असायचं आणि मॅडम समोर स्टुलावर ताट घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. मध्येच उठून भिंगातून भेग बघायच्या, पुन्हा तांदूळ. मला तारखेची घाई. "मॅडम, जरा जोर वाढवा ना, लवकर होईल."

"घाईनं पाडलेली भेग टोकाशी बोथट होते, तारीखवाले. बोथट भेग पोलादाला फारसा त्रास देत नाही. मग पोलाद आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं."

"चांगलं दिसलं तर बिघडलं कुठे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ताटातले दोन खडे वेचून दिले आणि निघालो.

आता भोयेंविषयी सांगायला हवं. काशिनाथ भोये हे आमचे सगळ्यात जुने वेल्डर. हरसूलच्या बाजूच्या डोंगरातल्या गावचे. उंच, हडकुळे, आणि आपल्या हातावर जबर अभिमान. व्हेसलच्या प्रत्येक जोडाबरोबर एक टेस्ट प्लेट करावी लागे. तेच पोलाद, तीच वेल्डिंगची तार, तोच वेल्डर. ती प्लेट पुढे कापून, मोडून पाहायची आणि ती काय सांगेल ते व्हेसलविषयी खरं मानायचं, कारण व्हेसल काही मोडून पाहता येत नाही. भोयेंनी पहिली टेस्ट प्लेट आणली ती आरशासारखी घासून पुसून. एकेक थर जीव ओतून भरलेला.

मॅडमनी ती उलटसुलट करून पाहिली. "भोये, मुलगी दाखवायला आणतात तशी आणलीत हो ही!"

"मंग? चांगली दिसाया नको का, मॅडम?"

"नको. व्हेसलवर तुमचा हात रोज जसा चालतो, तसाच इथे चालू द्या. कंटाळा आला असेल तर कंटाळलेला. मला तुमचा रोजचा हात बघायचाय."

भोये रुसले. कँटीनमध्ये मला म्हणाले, "बाईंना चांगलं काम दावलं तरी राग येतो, लय अवघड हाय." पण दुसरी प्लेट त्यांनी रोजच्या हातानं केली आणि तीही झकास उतरली. मॅडमनी निकालाच्या कागदावर सही केली आणि कौतुकाचं अवाक्षर काढलं नाही. ही त्यांची रीतच होती. अमक्या गारठ्यात, एवढी भेग असताना टिकला, एवढंच त्या म्हणत. भोयेंना हवा होता तो 'चांगला' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही.

व्हेसलचा शेवटचा लांब जोड भोयेंचा. त्या वर्षी ते निवृत्त होणार होते, म्हणजे त्यांच्या हातचं हे शेवटचं मोठं काम. टेस्टमध्ये हा जोड नापास झाला असता तर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरून काढावा लागला असता आणि त्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी हात लागला असता. भोयेंना ते पक्कं ठाऊक होतं. महिनाभर ते कँटीनमध्येसुद्धा कुणाशी नीट बोलले नाहीत.

जोड झाला, एक्सरे झाले. मग व्हेसल मोठ्या फर्नेसमध्ये गेलं. सगळं पोलाद तापवायचं, मुरवायचं आणि निववायचं, म्हणजे जोडातला ताण जातो. टेस्ट प्लेट व्हेसलच्या अंगावरच ठेवलेली, कारण व्हेसलला जे भोगावं लागेल ते प्लेटनंही भोगायला हवं. दसरा तोंडावर आला होता. तापवणं, मुरवणं संपलं, बर्नर बंद झाले आणि सगळ्यांना सुटीचे वेध लागले.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची आणि प्रयोगशाळेची पूजा सगळ्यांत देखणी असायची. लंबकाला झेंडूची भली मोठी माळ, हातोड्याला हळदीकुंकू, आणि तो भटजींच्या डोक्यात पडू नये म्हणून दोरीनं घट्ट बांधलेला. त्या वर्षी फोरमन आहेर यांच्या मनात आलं, यंदा मॅडमच्या पूजेला भोयेंची शेवटची प्लेट पाहिजे. जोडाचाही मान, भोयेंचाही मान. झालं! आदल्या दुपारी फर्नेसचं बाजूचं लहान दार उघडून त्यांनी आकड्यानं प्लेट बाहेर ओढली. ती अजून चांगलीच तापलेली होती. विटांवर ठेवली, संध्याकाळपर्यंत निवली. दार लावून माणसं घरी गेली. पंखे बंद, सगळं बंद, आणि व्हेसल आतच.

नवमीला सकाळी प्लेट पूजेत मांडलेली. भोये नवी टोपी घालून आले होते. मॅडमनी स्वतः प्लेटला हळदीकुंकू लावलं, फूल वाहिलं. भोयेंनी वाकून नमस्कार केला, मीही केला. पेढे वाटले. इतकी साजरी पूजा मी पुन्हा पाहिली नाही.

दसऱ्यानंतर प्लेट कापली. नमुने झाले, भेगा वाढवल्या, गारठवलं, तोडलं. निकाल असा आला की प्रयोगशाळेतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. हव्या त्यापेक्षा कितीतरी सरस. बातमी शॉपमध्ये पोचली, साहेबांनी ग्राहकाला फोनवर कळवलंसुद्धा. भोये त्या दिवशी सगळ्यांशी बोलले. फक्त मॅडमची सही येईना. मला पाठवण्यात आलं.

मॅडम पांढऱ्या फडक्यावर मोडलेले तुकडे मांडून बसल्या होत्या. सगळे मळकट, राखाडी. त्यांना हवे तसेच.

"तारीखवाले, हे एवढं चांगलं का आलं?"

"भोयेंचा हात, मॅडम."

"हात तोच. तार तीच. आधीच्या प्लेटा बऱ्या होत्या, इतक्या सरस नव्हत्या. वाईट निकाल आला की आपण शंभर कारणं शोधतो. चांगला आला की कुणी काही विचारत नाही."

बोलता बोलता त्यांनी उरलेली प्लेट जवळ ओढली. तिच्या कोपऱ्यात कुंकवाचा डाग वाळून बसला होता. मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "नवमीला ही इथे होती."

"हो. पूजेत होती ना."

"आणि व्हेसल कुठे होतं?"

"फर्नेसमध्ये. ते तर दसऱ्यानंतर..." मी बोलता बोलता थांबलो.

मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि मीच हिला कुंकू लावलं! मन्हं डोकं कोठे व्हतं!" खुर्ची मागे ढकलून त्या उठल्या आणि बूट वाजवत थेट शॉपमध्ये गेल्या. मी मागे मागे.

आहेरांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. "मॅडम, तुमच्याच पूजेला काढली ना! फर्नेस तर बंदच झाली व्हती."

मॅडम त्यांच्यावर ओरडल्या नाहीत. तिथेच एका पालथ्या खोक्यावर बसून त्यांनी सगळ्यांना सांगितलं. पोलादात थोडी घाण असतेच. पोलाद फार सावकाश निवलं तर ती घाण सरकत सरकत कणांच्या शिवेवर जाऊन बसते आणि शिवेवरच पोलाद कच्चं पडतं. लवकर निवलं तर तिला तिथे पोचायला वेळ मिळत नाही. "प्लेट बाहेर निवली, संध्याकाळपर्यंत. व्हेसल दार लावून, पंखे बंद करून, आपण सोनं वाटत होतो तोवर आत निवत होतं. ही प्लेट व्हेसलची राहिलीच नाही. हिनं जे सांगितलं ते हिचं स्वतःचं."

साहेब खवळले. "मॅडम, पास झालेली टेस्ट तुम्ही नापास करताय? मी ग्राहकाला कळवून बसलोय!"

"नापास करत नाही साहेब. ही टेस्ट व्हेसलची नाही, एवढंच म्हणतेय. ग्राहकाला मीच सांगते. कुंकू मी लावलंय."

आणि त्यांनी खरोखरच सांगितलं, कुंकवासकट. मग उरलेली प्लेट त्यांनी प्रयोगशाळेच्या छोट्या फर्नेसमध्ये घातली, पुन्हा तापवली आणि व्हेसल जितक्या सावकाश निवलं होतं, अगदी तितक्याच सावकाश निववली. मग नमुने, मग भेगा, मग तांदळाचं ताट. भोये रोज दुपारी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत.

"मॅडम, जॉइंट चांगला हाय ना?"

"आज सांगता येत नाही, भोये."

तोडायचा दिवस आला तेव्हा दाराशी सगळं शॉप लोटलं होतं. पहिली कांडी गारठ्यातून काढून मांडली, हातोडा सुटला. टिंग! तेवढ्या आवाजानंच सगळ्यांना कळलं. मॅडमनी तरी सगळ्या कांड्या रीतसर मोडल्या. प्रत्येक तुकडा लखलखीत. भोये पहिल्यांदाच आत आले, एक तुकडा उचलून उजेडाकडे धरला, परत जागेवर ठेवला. "कापा मंग," म्हणाले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मला साहेबांचा राग आला, आहेरांचा आला, खरं सांगायचं तर मॅडमचाही आला. चांगला निकाल हातात होता. सही केली असती तर कुणाला कळलं असतं? मग लक्षात आलं, हे लखलखणारं पोलाद सहीनिशी एका अणुभट्टीत जाऊन बसलं असतं. कुणालाच कळलं नसतं हेच तर त्यातलं भयंकर होतं.

मॅडम बाहेर आल्या आणि भोयेंच्या शेजारी पायरीवर बसल्या. कोटाच्या एका खिशातून पूजेच्या प्लेटचा मळकट तुकडा काढला, दुसऱ्यातून आजचा चमकणारा. दोन्ही भोयेंच्या हातावर ठेवले.

"हा कुणाचा हात?"

"माझा."

"आणि हा?"

"तो बी माझाच."

"प्लेट एकच, भोये. तार एक, हात एक. मग वेगळं काय झालं?"

भोयेंनी दोन्ही तुकडे आळीपाळीनं उजेडाकडे धरले. "निवनं," ते म्हणाले.

"मग जॉइंट कशाला कापायचा? निववणं चुकलंय, ते सुधारू. शिवेवर बसलेली घाण पुन्हा तापवलं की उठते. फक्त या वेळी तिला परत बसू द्यायचं नाही."

मी थक्क होऊन ऐकत होतो. आहेरांनी प्रेमापोटी ती चूक केली नसती तर हा जोड किती चांगला होऊ शकतो हे कुणाला कळलंच नसतं. वाईट निकाल आला असता आणि जोड कोरून टाकला असता. आणि मॅडमनी ती चूक पकडली नसती तर तो वाईट आहे हेही कळलं नसतं.

अख्खं व्हेसल पुन्हा तापवायचं ठरलं. ग्राहकाच्या निरीक्षकांशी मॅडमनी दिवसच्या दिवस वाद घातला, किती वेगानं निववायचं याचा. फार सावकाश नको आणि फार घाईही नको, नाहीतर जाड पोलादात नवा ताण राहील. भोयेंच्या त्याच प्लेटचा, व्हेसलसारखा सावकाश निववलेला आणि मुद्दाम राखून ठेवलेला तुकडा त्यांनी स्वतःच्या हातानं तारेनं व्हेसलला बांधला. फर्नेसच्या लहान दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली आणि रोज दिवसभर समोर खुर्ची टाकून बसल्या. आहेरांनी भीत भीत विचारलं, "मॅडम, नारळ?" तर म्हणाल्या, "फोडा. पण बाहेर, आणि काही आत नेऊ नका, काही बाहेर आणू नका."

या वेळचे तुकडे मळकट आले. सगळे. मॅडम शॉपमध्ये गेल्या, वेल्डिंगचा धूर हातानं बाजूला सारत भोयेंपर्यंत पोचल्या आणि म्हणाल्या, "जॉइंट कापायचा नाही."

भोयेंनी चेहऱ्यावरची काच वर केली. "म्हंजी चांगला हाय?"

"आजच्या दिवसाला पास आहे."

"एवढं सगळं करून बी चांगला म्हनत नाय बाई," भोये मला फाटकापाशी म्हणाले. त्यांचा तो शेवटचा महिना होता. मी ते मॅडमच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "कसं म्हणू? त्याला अजून आत जायचंय." त्याच जोडाच्या प्लेटचे काही तुकडे त्यांनी बंद डब्यांत घालून व्हेसलबरोबर पाठवले. ते भट्टीत आतल्या बाजूला टांगून ठेवतात, काही वर्षांनी बाहेर काढून तोडतात, आणि पोलाद किती म्हातारं झालंय ते पाहतात.

त्यानंतरच्या प्रत्येक नवमीला पूजेतली एकेक वस्तू उचलून मॅडम विचारायच्या, "हे कुठून आणलं?" नारळाचंही विचारायच्या. पोरं गालात हसायची. पुढे त्याही निवृत्त झाल्या आणि इंदिरानगरला दोन खोल्यांत राहायला लागल्या. मी अधूनमधून जायचो. गुडघे गेले होते, हृदयाचं दुखणं लागलं होतं. बोलणं मात्र खणखणीत.

मॅडमची नि माझी शेवटची भेट झाली, त्या दिवशी आम्ही हरसूलकडे गेलो होतो. दोन हजार सालही मागे पडून बरीच वर्षं झाली होती. आमच्या कारखान्यात एका कामासाठी आलेल्या शास्त्रज्ञानं बोलता बोलता सांगितलं, त्या व्हेसलमधले पहिले तुकडे काढले, तोडले. अंदाज होता तितकंसुद्धा पोलाद थकलेलं नव्हतं. मी तडक इंदिरानगरला गेलो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, कुठल्या गारठ्यात, किती वर्षांनी, तुकडे मळकट होते का, असं खोदून खोदून विचारलं. मग भिंतीला धरून उठल्या आणि चपला शोधायला लागल्या.

"कुठे निघालात?"

"गाडी आणलीय ना? भोयेंकडे."

डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. मी तसं म्हटलं, तर त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. घाटातल्या वळणांवर त्या डोळे मिटून बसल्या होत्या आणि मी भीत भीत गाडी चालवत होतो.

भाताची कापणी संपत आली होती. भोये खळ्यात पेंढ्या झोडत होते. पाठीत वाकलेले, कानाला कमी ऐकू येत असलेले. आम्हाला पाहून आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर खाट आणायला धावले. मॅडम खाटेवर बसल्या नाहीत. काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या.

"भोये, आतले तुकडे काढले. तोडले."

"कोनाचे?"

"तुमच्या जॉइंटचे."

भोयेंच्या हातातली पेंढी तशीच राहिली. "मंग?"

"जॉइंट चांगला आहे," मॅडम म्हणाल्या, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

भोये घराकडे तोंड करून ओरडले, "ए, भायेर ये! मॅडम आल्यात. काय म्हनतात त्ये आयक!" आणि मॅडमना म्हणाले, "हिला सांगा. पुन्यांदा सांगा."

त्यांची बायको हाताला लागलेलं पीठ पदराला पुसत बाहेर आली. मॅडम तिच्याकडे वळल्या. "तुमच्या मालकांनी केलेला जॉइंट चांगला आहे."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "ह्ये तर ते कव्हाचे सांगत्यात."

"हो," मॅडम म्हणाल्या, "ते सांगत होते. आता मी सांगतेय."